मेलमधून "गाव: पीक: क्षेत्र:" अशी माहिती पायथनने काढायचीय, पण लेबलं तुटतायत

मातीवाली
नमस्कार मंडळी. मी एका छोट्या माती परीक्षण लॅबमध्ये काम करते. गावोगावची आमची माणसं नमुना घेतला की लॅबला मेल टाकतात, त्यात साध्या ओळी असतात, शेतकऱ्याचे नाव:, गाव:, गट नंबर:, पीक:, क्षेत्र:, मोबाईल: अशा. खरिपाच्या आधी दिवसाला ४०-५० मेल येतात आणि ते सगळं मी हाताने एक्सेलमध्ये कॉपी-पेस्ट करत होते. मागच्या महिन्यात माझ्याकडून दोघांचे गट नंबर एकमेकांत गेले, रिपोर्ट छापायच्या आधी लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर एकाच्या शेताची खताची शिफारस दुसऱ्याला गेली असती. तेव्हाच ठरवलं की आता पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एक स्क्रिप्टच (छोटा प्रोग्राम) करायची.

मेल ईएमएल फाईल म्हणून सेव्ह केल्या आणि ग्रेप (फाईलमध्ये शब्द शोधणारी कमांड) मारला तर मराठी काहीच सापडेना, फाईल उघडून बघितली तर नुसती बरोबरची चिन्हं आणि ई०, ए४ असलं काहीतरी. मग पायथनने कशीबशी बॉडी वाचली आणि रेजेक्स (ठराविक साच्याचा मजकूर शोधायची पद्धत) लावला, बॅकस्लॅश डब्ल्यू, अधिक, पुढे कोलन. तर "गाव" च्या जागी फक्त "व" येतं, "पीक" च्या जागी "क". नावाचंही "व" आणि गावाचंही "व", त्यामुळे डिक्शनरीत (लेबल आणि त्याची माहिती अशा जोड्यांच्या यादीत) एक दुसऱ्याला पुसून टाकतं. आणि काही मेलमध्ये तर डोळ्याला कोलन दिसतोय तरी काहीच सापडत नाही. काय चुकतंय?

ओळीमागून_ओळ
ताई, तुमचं लॉजिक चुकलेलं नाही, पायथनच्या रेजेक्सला मराठी शब्द कळत नाही. बॅकस्लॅश डब्ल्यू म्हणजे अक्षर किंवा अंक (आणि अंडरस्कोअर), पण काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांना तो अक्षर मानतच नाही. "गाव" मध्ये ग, मग काना, मग व. कान्यापाशी शब्द तुटतो आणि कोलनला चिकटलेलं फक्त "व" उरतं. "क्षेत्र" चं "र" येत असेल बघा.

इथे रेजेक्सची गरजच नाहीये. ओळ घ्या, कोलनवर पार्टिशन करा, डावीकडचं लेबल, उजवीकडची माहिती. पार्टिशनच वापरा, साधं स्प्लिट नको, कारण पार्टिशन पहिल्याच कोलनवर तोडतं, नाहीतर कोणी "वेळ: १०:३०" लिहिलं की तुकडे होणार.

ग्रेपचं म्हणाल तर मेल पाठवताना मराठी मजकूर क्वोटेड-प्रिंटेबल नाहीतर बेस६४ मध्ये, म्हणजे साध्या इंग्रजी खुणांमध्ये, गुंडाळला जातो. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं संगणकात साठवायची नेहमीची पद्धत) देवनागरीचं एकेक अक्षर ३ बाइटचं, क्वोटेड-प्रिंटेबलमध्ये एका बाइटला ३ खुणा, म्हणजे एका अक्षराला ९, आणि ओळ ७६ खुणांच्या पुढे जाऊ शकत नाही, त्यामुळे साधारण ८ अक्षरांनंतर ओळ मोडतेच. कच्च्या फाईलला हात लावू नका. पायथनसोबत येणारी ईमेल लायब्ररी घ्या, पॉलिसी डिफॉल्ट द्या, गेट बॉडीला आधी प्लेन आणि नसेल तर एचटीएमएल सांगा, मग गेट कंटेंट. सरळ वाचता येईल असं मराठी हातात येतं.

मातीवाली
बाप रे, हे मात्रांचं माहीतच नव्हतं, आणि हो, "र" च येत होतं! पार्टिशन लावलं, बरेचसे मेल नीट आले. पण एक माणूस आहे त्याचे सगळेच्या सगळे मेल अजून रिकामे येतात, आणि दुसऱ्या एकाचं बाकी सगळं येतं, फक्त शेतकऱ्याचे नाव येत नाही.

विसर्गवाला
पहिल्या माणसाचा मेल उघडून एकेका अक्षराचा युनिकोड नंबर (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक) छापून बघा. माझी जवळजवळ खात्री आहे की तो कोलन नाही, विसर्ग आहे. मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर विसर्ग पटकन सापडतो आणि दिसतो अगदी तसाच. पण सरसकट विसर्गाचा कोलन करू नका, "मालकी: स्वतः" अशी ओळ आली की मोडेल. आपल्याला हवीत ती लेबलं तुम्हाला माहीतच आहेत ना, त्यांची यादी करा आणि ओळ त्यातल्या एखाद्या लेबलने सुरू होत असेल आणि लगेच पुढे विसर्ग किंवा कोलन असेल तरच तोडा.

दुसऱ्याची गडबड "ऱ्या" मध्ये असणार. हे जोडाक्षर दोन प्रकारे टाईप होतं, एकात ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. दिसायला सारखं, आतून वेगळं, आणि युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं तेच अक्षर एकसारखं करणं) केलं तरी हे दोन एक होत नाहीत. लेबलं जुळवण्यापुरतं दुसऱ्या प्रकारचं पहिल्या प्रकारात बदलून घ्या, नॉन-ब्रेकिंग स्पेसचा (दिसायला साधी पण आतून वेगळी मोकळी जागा) साधा स्पेस करा. शेतकऱ्याचं नाव मात्र जसं आलं तसंच ठेवा, त्याच्या रिपोर्टवर जाणार आहे ते.

अजून एक, लोक जुन्याच मेलला रिप्लाय करून नवीन नमुना पाठवतात. मग खाली जुनी माहिती असते आणि स्क्रिप्ट तीच शेवटची म्हणून उचलते. ज्या ओळी मोठ्यापेक्षाच्या चिन्हाने (>) सुरू होतात, म्हणजे जुन्या मेलच्या, त्या आधीच गाळा. एका मेलमध्ये दोन-तीन नमुने असतील तर "शेतकऱ्याचे नाव" परत आलं की नवीन नोंद सुरू करा.

गुंठा_एकर
मी कोड फारसा लिहीत नाही पण क्षेत्राचं सांगतो, तिथे सगळ्यात जास्त घोळ होतो. आपल्याकडे माणूस "१.२०" लिहितो तेव्हा तो बऱ्याचदा १ एकर २० गुंठे म्हणत असतो, ४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे दीड एकर. सातबारा बघून लिहिलं असेल तर तेच १ हेक्टर २० आर (१०० आरचा एक हेक्टर). म्हणजे जवळजवळ ३ एकर, दुप्पट. स्क्रिप्टने याचा दशांश केला की खताचा हिशोबच बिघडला. ते मजकूर म्हणूनच ठेवा आणि एकर की हेक्टर हे त्या माणसाला विचारा.

आणि स्क्रिप्टने बनवलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेली फाईल) डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका, गट नंबर १२/२ असेल तर त्याची तारीख होते. डेटा मेनूतून इंपोर्ट करा आणि तो कॉलम टेक्स्ट ठेवा.

ओळीमागून_ओळ
हे खूप महत्त्वाचं सांगितलं दादा. ताई, एक तेवढं कराच, ज्या मेलमध्ये एखादं लेबल सापडलं नाही तो गुपचूप सोडून देऊ नका, वेगळ्या फोल्डरमध्ये टाका आणि रोज संध्याकाळी हाताने बघा. रिकामा कॉलम कोणाच्या लक्षात येत नाही.

मातीवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. विसर्गच होता! नंबर छापला आणि समोर ०९०३ आलं. गेल्या आठवड्यातले २१२ मेल परत चालवले, १९७ पूर्ण आले, १५ वेगळ्या फोल्डरमध्ये पडले. त्यातल्या ९ मध्ये "गट नंबर" च्या जागी "गट क्र." आहे, ते यादीत टाकते. क्षेत्राचं उद्या सकाळी सगळ्यांना फोन करून विचारते, तोपर्यंत त्या नोंदींचे रिपोर्ट थांबवलेत.