कापडी डायपर सारखे लीक होतायत, नक्की काय चुकतंय?

वाघोलीची_आई:
मंडळी मदत करा, वैतागलेय. मुलगा साडेचार महिन्यांचा, वजन साडेसहा किलो. आधी यूज अँड थ्रोच वापरत होतो, मग मांडीच्या घड्यांमध्ये लालेलाल झालं, डॉक्टर म्हणाल्या दिवसभर बांधून ठेवू नका, हवा लागू द्या, म्हणून ऑनलाइन सहा कापडी डायपर मागवले, ते पॉकेटवाले, आत इन्सर्ट, म्हणजे शू शोषणारी गादी, सरकवायचा तसले. पहिले पंधरा दिवस इतकं मस्त चाललं की मी बहिणीलाही घ्यायला लावले आणि आता बघावं तर अर्ध्या तासात मांडीपाशी ओलं, दुपटं ओलं, माझी मांडी ओली. वाळले की इन्सर्ट पापडासारखे कडक होतात. आणि सकाळी उघडलं की असा भपकारा येतो की डोळे चुरचुरतात. सासूबाईंचं एकच, आमच्या वेळी लंगोट होते, काही अडलं नाही. नवरा म्हणतो अजून सहा घे. दोघांचंही पटत नाहीये. दोन दिवसांचे साठवून एकदम मशीन लावते, लिक्विड अगदी झाकणाच्या तळाशी, कारण बाळाचे कपडे ना. सोसायटीत टँकरचं पाणी, त्यात हा पाऊस, बाल्कनीत दोन-दोन दिवस वाळत नाही काही. एवढे पैसे घालून परत दुकानातलं पॅकेट आणायचं का?

कोथरूडची_मनू:
अगं थांब, लगेच हार नको मानूस, माझी आता दोन वर्षांची झाली, हे सगळं करून बसलेय. लीक दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे डायपर नीट बसलेला नसतो. मांडीचं इलास्टिक मांडीवर नको, आपली चड्डी बसते त्या घडीत बसलं पाहिजे, आणि पोटाकडे दोन बोटं जेमतेम गेली पाहिजेत. बाळ भराभर वाढतं या वयात, समोरची उंचीची बटणं एक ओळ सोडायला झाली असतील. पण तुझं पंधरा दिवस नीट चाललं म्हणतेस म्हणजे मला दुसरंच वाटतंय. वाळलेल्या इन्सर्टवर चमचाभर पाणी ओत आणि बघ. लगेच मुरलं तर इन्सर्ट ठीक. मोत्यासारखं वर घरंगळत राहिलं तर कापडावर काहीतरी थर बसलाय. सॉफ्टनर टाकतेस का गं? तो अजिबात नको, तो शोषणंच बंद करतो. आणि रॅशची पांढरी जाड क्रीम लावत असशील तर मध्ये मलमलचा तुकडा घाल, ती पण कापडाला चिकटते. अजून एक, इन्सर्ट मायक्रोफायबरचा असेल तर पॉकेटच्या आतच, थेट कातडीला लागू द्यायचा नाही, ओल ओढताना कातडीही कोरडी करतो. धुताना पाणी नक्की कुठलं वापरता ते सांग.

पेठेतली_आजी:
तुमच्या सासूबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत हो. मी नातवाला सांभाळते, सूनबाई नोकरीला, आमच्याकडे दोन्ही आहे. सूनबाईंनी आणलेले फुलाफुलांचे डायपर दिसायला सुंदर पण त्या जाड गाद्या पावसात वाळायला दोन दिवस. म्हणून मी काय केलं, माझी एक सुती साडी होती, धुवून धुवून अगदी लोण्यासारखी झालेली, तिचे मोठे चौकोन कापले, कडा शिवून घेतल्या, लांबट घडी घालते आणि त्या गादीच्या जागी तीच डायपरच्या पिशवीत सरकवते. मुलगा आहे ना, मग पुढच्या बाजूला एक घडी जास्त, मुली असल्या तर मध्ये. धुतल्यावर घडी उलगडली की एकेरी कापड, पंख्याखाली तीन-चार तासांत वाळतं. बाजारात मलमलचे मिळतात पण नव्या कापडाला आधी चार-पाच धुण्यं द्यावी लागतात, त्याशिवाय ते पाणी पीतच नाही, जुन्या साडीला ती भानगड नाही. बाकी बाहेरचं ते पाणी अडवणारं कव्हर मात्र आमच्या वेळी नव्हतं, तेव्हा प्लॅस्टिकची चड्डी असायची, तिनेच पोरांचं अंग भाजायचं. तेवढं नव्यातलं चांगलं.

दोन_पोरांचा_बाबा:
घरात धुणं माझ्याकडे आहे म्हणून बोलतो. ताई, तुमचे दोन्ही प्रॉब्लेम एकच आहेत. टँकरचं पाणी बहुतेक बोअरचं असतं, जड. त्यातलं कॅल्शियम मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं, फेस होत नाही, चिकट साय तयार होते आणि ती कापडाच्या धाग्यात बसते, त्याने कडकपणा. वर तुम्ही लिक्विड टाकताय झाकणाच्या तळाशी, म्हणजे शू पूर्ण निघतच नाही, ती आत राहते आणि पुढच्या वेळी ओलं झालं की भपकारा. बाळाचे कपडे म्हणून साबण कमी, हा सगळ्यांचा गैरसमज, साबण पुरेसा आणि खळबळणं भरपूर, असं पाहिजे. मी आधी नुसत्या पाण्याची एक छोटी सायकल लावतो, मग साधी पावडर पूर्ण मापाने आणि मोठी सायकल. पाणी फारच जड असेल तर किराणा दुकानातला धुण्याचा सोडा थोडा टाका, खायचा नव्हे, हातमोजे घालून. सोडा फक्त इन्सर्टला, कव्हर त्यात नको. ओले डायपर पाण्यात भिजत ठेवू नका, कोरड्या बादलीत, झाकण उघडं. शी झालेली असेल तर जेट मारून कमोडमध्येच सोडा. कव्हर उकळू नका, नाहीतर आतला थर सुटतो. वाळत घालताना इलास्टिक लोंबकळेल असं टांगू नका.

आणि रात्री सरळ यूज अँड थ्रो घाला हो, त्यात लाज कसली. आमचा धाकटा रात्री बारा तास झोपतो, मी त्याला उठवून लंगोट बदलणार नाही. फक्त फेकताना कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा, पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरा गोळा करणाऱ्या ताया हेच सांगत आल्यात, नाहीतर त्यांना हाताने उघडून बघावं लागतं. घनकचऱ्याच्या नियमांतही डायपर नीट गुंडाळूनच द्यायचा आहे.

वाघोलीची_आई:
मनू, चमचा टेस्ट केली. पाणी वर मोत्यासारखं बसलं, मी हसतच सुटले. मग पाणी कुठलं वापरतो याचा शोध लावला तेव्हा कळलं! आमच्या मावशी डायपर आधी बादलीत बुडवून ठेवतात आणि ती बादली म्हणजे आरओच्या पाइपाखालची. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरला होता ना, आरओचं वाया जाणारं पाणी वापरा म्हणून, तर मावशींनी ते मनावर घेतलं आणि मीच शाबासकी दिली. म्हणजे टँकरच्या जड पाण्यातून गाळून उरलेलं अजूनच जड पाणी, त्यात रात्रभर डायपर. बाबा, तुमचं वाचून डोक्यात प्रकाश पडला, एरवी मी नवे सहा मागवणारच होते.

पेठेतली_आजी:
मग त्या मावशींना रागावू नका हां. पाण्याची काटकसर करायला गेल्या बिचाऱ्या.

वाघोलीची_आई:
नाही हो आजी, मीच त्यांना सॉरी म्हटलं. आठ दिवसांनी सांगतेय आता. सोडा टाकून इन्सर्ट दोनदा धुतले, पहिल्या धुण्याचं पाणी असं गढूळ निघालं की सांगायची सोय नाही. पावडर आता मापाने. कडकपणा गेला, वासही गेला, एका इन्सर्टला थोडा आहे, तो परत धुते. दर दोन तासांनी बदलते, दिवसा लीक जवळजवळ नाहीच, परवा एकदा झालं पण तेव्हा मीच बदलायला विसरले होते. रात्री यूज अँड थ्रो. आणि सासूबाईंना आजींची आयडिया वाचून दाखवली तर काही बोलल्या नाहीत, दुपारी बघते तर मशीनवर बसून त्यांच्या जुन्या हिरव्या साडीचे चौकोन शिवतायत, नऊ झालेसुद्धा. आरओची बादली आता फरशी पुसायला.

कोथरूडची_मनू:
वा! बहिणीलाही सांग मग, तिलाही तूच घ्यायला लावलेस ना.

वाघोलीची_आई:
तिच्याकडे कॉर्पोरेशनचं पाणी आहे गं, तिचे पहिल्या दिवसापासून नीट चाललेत, म्हणून तर माझा अजूनच जळफळाट होत होता.