केबिन क्रूच्या कामाचं इंग्रजी: कुठून सुरुवात करायची?

गगनवेल

नमस्कार. केबिन क्रूचं प्रशिक्षण सुरू व्हायला दहा आठवडे आहेत. शाळा-कॉलेजचं इंग्रजी आहे. वाचलेलं समजतं, लिहिताही येतं. पण समोरचा भरभर बोलला की अर्धं निसटतं आणि उत्तर देताना मनात वाक्य जुळवत बसावं लागतं. स्पोकन इंग्लिशच्या कोर्समध्ये सगळं बँक, खरेदी आणि 'माझी ओळख' एवढंच दिसतं. तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

पायलटांना लागते ती आयकाओ (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना) लेव्हल ४ आपल्याला लागते का? आधी काय पक्कं करायचं: अनाउन्समेंट्स, शब्द की व्याकरण? आणि मराठी बोलणाऱ्यांचे उच्चार नेमके कुठे अडतात?

---

जंपसीट

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही. आयकाओची ती सहा पायऱ्यांची मोजपट्टी रेडिओवर बोलणाऱ्यांसाठी, म्हणजे पायलट आणि एअर ट्रॅफिक कंट्रोलर यांच्यासाठी आहे. केबिन क्रूचं इंग्रजी एअरलाइन स्वतः तपासते: मुलाखतीत, ग्रूप डिस्कशनमध्ये, एखादी अनाउन्समेंट मोठ्याने वाचायला लावून. त्यामुळे 'आयकाओ लेव्हल ४ केबिन क्रू कोर्स' अशी जाहिरात दिसली तर पैसे भरू नका.

दुसरा प्रश्न महत्त्वाचा. केबिनमधलं इंग्रजी एकाच सुरातलं नसतं. सर्व्हिसचं इंग्रजी वेगळं, नियम पाळायला लावण्याचं वेगळं आणि आणीबाणीचं त्याहून वेगळं. एका सुरातून दुसऱ्यात पटकन जाता येणं हेच खरं शिकायचं असतं, आणि नेमकं तेच कोर्समध्ये शिकवत नाहीत.

सर्व्हिसपासून सुरुवात करा. आपण मराठीत 'बसा' म्हटलं की आदर क्रियापदातच येतो. इंग्रजीत 'सिट' म्हटलं की तो येत नाही, मागे 'सर' जोडलं तरी हुकूमच वाटतो. म्हणून 'कुड यू', 'वुड यू लाइक', 'मे आय' यांनी सुरू होणारी वाक्यं तोंडात बसली पाहिजेत. जेवणातला एक पर्याय संपला तर 'चिकन इज फिनिश्ड' नको. 'आय अॅम अफ्रेड वी हॅव रन आउट ऑफ द चिकन. कॅन आय ऑफर यू द पास्ता?' असं म्हणा. नकारासोबत लगेच पर्याय आला की वाद वाढत नाही.

नियमाच्या बाबतीत एकच वाक्य तीन वेळा घोकू नका, पायरी चढा. टेकऑफच्या आधी कुणी मांडीवर बॅग घेऊन बसलंय. पहिल्यांदा विनंती: 'कुड यू प्लीज पुट युअर बॅग अंडर द सीट इन फ्रंट ऑफ यू?' ऐकलं नाही तर कारणासकट: 'आय नीड यू टु स्टो द बॅग नाउ. इट कॅन ब्लॉक द वे आउट.' तरीही नाही, तर 'प्लीज' काढून टाका, आवाज खाली आणा, सावकाश बोला आणि सीनियरला बोलवा. आवाज चढवला की प्रवाशाला भांडायला निमित्त मिळतं.

क्रमही बघा. प्रवाशाचा फोन सीटच्या फटीत पडलाय. आधी 'प्लीज डोन्ट मूव्ह युअर सीट', कारण नंतर. सीट हलली की फोन यंत्रणेत चिरडतो आणि त्यातली लिथियम बॅटरी पेटू शकते. कारण सांगत बसलात तर तेवढ्यात माणूस सीटचं बटण दाबून मोकळा होतो.

आणीबाणीत 'कुड यू' पूर्ण बाद. ४४ पेक्षा जास्त आसनांचं विमान प्रमाणित करताना, भरलेलं विमान निम्म्या दारांतून ९० सेकंदांत रिकामं होतं हे सिद्ध करावं लागतं. तिथे एक ते तीन शब्दांचीच आज्ञा चालते: 'लीव्ह एव्हरीथिंग!', 'कम धिस वे!', 'जंप!' यात एकही शब्द जास्त नाही, आणि तुम्हीही घालायचा नाही. सवयीने 'सर, प्लीज कम धिस वे' निघालं तर घाबरलेल्या माणसाला ती निकड कळत नाही. एक सूचना: या आज्ञा इंटरनेटवरून पाठ करू नका. आदळण्याआधी वाकून सावरून बसायला सांगताना कुणाकडे 'ब्रेस, ब्रेस', कुणाकडे 'हेड्स डाउन, स्टे डाउन'. दारं आर्म करायची, म्हणजे दार उघडताच घसरपट्टी फुगेल अशी तयारी करायची वाक्यंही प्रत्येक एअरलाइनची आणि विमानाची वेगळी असतात. मॅन्युअल हातात आलं की त्यातलंच, शब्दनशब्द. आता फक्त पोटातून आवाज काढून छोटी वाक्यं ठणकावून म्हणायचा सराव ठेवा. घशातून ओरडलात तर चौथ्या वाक्याला आवाज फाटतो.

व्याकरण वेगळं शिकायला बसू नका. वर्तमान, भूत, भविष्य आणि 'कॅन, कुड, मे, मस्ट' एवढं नीट वापरता आलं तर कामाचा बहुतेक भाग निभतो.

---

स्वरव्यंजन

उच्चारांबद्दल लिहिते. विदेशी धाटणी आणायची गरज नाही. उसना अॅक्सेंट घाईगडबडीत टिकत नाही. पण काही जागी आपल्या सवयीने अर्थच बदलतो, तेवढ्या दुरुस्त करा.

व्हेस्ट आणि वेस्ट. 'लाइफ व्हेस्ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत, आणि 'वेस्ट', 'वॉटर', 'विंडो' म्हणताना ओठांचा चंबू व्हायला हवा, दात लागता कामा नयेत. आरशासमोर 'व्हेजिटेरियन, वॉटर, व्हेस्ट, विंडो' असं आलटून पालटून म्हणा. ओठ काय करतात ते दिसेल.

ऱ्हस्व-दीर्घ. बोलताना आपण इकार-ईकार सहज सरमिसळ करतो. इंग्रजीत 'सिट' आणि 'सीट', 'लिव्ह' आणि 'लीव्ह' हे वेगळे शब्द आहेत. तसंच 'स्नॅक' म्हणायचंय आणि 'स्नेक' निघालं तर ऐकणारा दचकतो.

शब्दाच्या सुरुवातीचे प, ट, क. आपण ते हवा न सोडता म्हणतो, त्यामुळे परदेशी कानाला 'पॅक' चक्क 'बॅक' ऐकू येतो. तोंडासमोर कागदाचा कपटा धरा. 'पॅक' म्हटल्यावर तो हलायला हवा.

सगळ्यात जास्त गोंधळ मात्र आघाताचा. मराठीत सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने येतात, इंग्रजीत एकावर जोर असतो आणि बाकीची पुसट होतात. 'इमर्जन्सी'मध्ये जोर 'मर्' वर, 'इव्हॅक्युएट'मध्ये 'व्हॅ' वर, 'एक्स्टिंग्विशर'मध्ये 'टिं' वर, 'लॅव्हटरी' आणि 'ऑक्सिजन' मात्र पहिल्याच अक्षरावर. 'डेझर्ट'चा जोर दुसऱ्या अक्षरावर गेला तर गोड पदार्थ, पहिल्यावर आला तर वाळवंट. 'आइल', म्हणजे सीटांमधली वाट, यातला एस लिहायचा, म्हणायचा नाही.

आकड्यांचंही हेच. थर्टीन-थर्टी, फिफ्टीन-फिफ्टी इंजिनच्या आवाजात सारखेच वाटतात. म्हणून रांगेचा आकडा सुटा करून परत सांगायचा: 'वन थ्री', 'थ्री झीरो'. ऑक्सिजनची बाटली १३ व्या रांगेऐवजी ३० व्या रांगेकडे धावली तर काय होईल, कल्पना करा.

आता अनाउन्समेंट. कुठलीही वेलकम अनाउन्समेंट कागदावर लिहून घ्या. जिथे श्वास घ्यायचा तिथे तिरकी रेघ, ज्या शब्दावर जोर त्याच्याखाली रेघ. मिनिटाला १२० ते १३० शब्दांच्या वर जाऊ नका. स्पीकरवरून आणि इंजिनच्या घरघरीत त्यापेक्षा वेगाचं बोलणं पुसट होतं. माइक ओठांच्या अगदी जवळ, पण थोडा बाजूला, म्हणजे 'प' आणि 'ब' फुटत नाहीत. फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकलं तर डोक्यात मजकूर ताजा असतो, न उच्चारलेलंही ऐकू आल्यासारखं वाटतं.

---

इंटरफोन

वरचं सगळं प्रवाशांशी बोलण्याचं झालं. क्रूने क्रूशी आणि कॉकपिटशी बोलायचं इंग्रजी राहिलं, आणि जिवावर बेतू शकतं ते हेच.

आधी अक्षरं. बी, सी, डी, ई, जी, पी, टी इंटरफोनवर, म्हणजे क्रूच्या आपसातल्या फोनवर, एकसारखी ऐकू येतात. म्हणून प्रत्येक अक्षराचा ठरलेला शब्द, ए साठी अल्फा, मग ब्राव्हो, चार्ली पासून झुलूपर्यंत, सगळे २६ इतके पक्के हवेत की मधूनच कुणी 'क्यू' विचारलं तरी अडायला नको. क्यूचा शब्द क्यूबेक, पण उच्चार 'केबेक'. २३ सी म्हणजे 'टू थ्री चार्ली'. मोठ्या विमानात तीन-चार-तीन मांडणी असली की अक्षरं बहुधा ए बी सी, डी ई एफ जी, एच जे के अशी येतात; आय एकासारखा दिसतो म्हणून गाळलेला असतो.

सोबत पॅसेंजर लिस्टवरचे कोड. व्हीलचेअरचेच मुख्य तीन आहेत: डब्ल्यूसीएचआरला पायऱ्या चढता येतात, लांब चालवत नाही, डब्ल्यूसीएचएसला पायऱ्या जमत नाहीत, केबिनमध्ये चालता येतं, डब्ल्यूसीएचसीला सीटपर्यंत न्यावंच लागतं. शेवटचं अक्षर चुकलं तर चुकीची खुर्ची येते आणि प्रवासी दारात अडकून राहतो.

मग डावं-उजवं. विमानात लेफ्ट-राइट नेहमी नाकाकडे तोंड करून धरतात. तुम्ही शेपटीकडे तोंड करून उभे असाल तर तुमचा उजवा हात विमानाच्या लेफ्टला असतो. ८ जानेवारी १९८९ ला इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ बोईंग ७३७-४०० पडलं. बिघडलं होतं डावं इंजिन, पायलटांनी बंद केलं उजवं. कॅप्टनने उजव्या इंजिनात बिघाड असल्याचं स्पीकरवर सांगितलंही. डाव्या इंजिनातून ज्वाळा निघताना मागे बसलेल्या प्रवाशांनी आणि क्रूनेही पाहिल्या होत्या, पण ही विसंगती कुणी कॉकपिटला कळवली नाही. ४७ जण गेले. तिथे लागणारं वाक्य पहिलीच्या पुस्तकातल्या इंग्रजीत बसतं: 'कॅप्टन, आय सी फायर ऑन द लेफ्ट इंजिन. लेफ्ट, नॉट राइट.' व्याकरण बरोबर आहे का, या विचारात गप्प राहू नका.

आग कळवताना क्रम ठरलेला ठेवा: कुठे, काय जळतंय, धूर कसा, काय केलं. 'आफ्ट लेफ्ट लॅव्हटरी, वेस्ट बिन, थिक ग्रे स्मोक, वन एक्स्टिंग्विशर युज्ड.' म्हणजे मागचं डावीकडचं टॉयलेट, कचऱ्याचा डबा, दाट करडा धूर, एक अग्निशामक वापरला. पूर्ण वाक्यं करायची गरज नाही. याउलट कॉकपिटकडून ब्रीफिंग येतं ते बहुतेक ठिकाणी निट्स पद्धतीने: नेचर म्हणजे काय झालंय, इंटेन्शन म्हणजे पायलट काय करणार, टाइम म्हणजे हाताशी किती वेळ, आणि स्पेशल इन्स्ट्रक्शन्स. कागदावर एकाखाली एक एन, आय, टी, एस लिहून भरत जायचं, मग तेच कॅप्टनला परत वाचून दाखवायचं आणि घड्याळ जुळवायचं. नुसतं 'ओके' हे उत्तर नव्हे.

मराठीची एक सवय इथे घातक ठरते. 'अॅलर्जी नाही ना?' ला आपण 'हो' म्हणतो, म्हणजे 'नाही'. इंग्रजीत नकारार्थी प्रश्न विचारला की समोरच्याच्या 'येस'चा अर्थ लागत नाही. म्हणून सरळ विचारा: 'आर यू अॅलर्जिक टु एनीथिंग?' आजारी प्रवाशाला विचारायचे प्रश्न सॅम्पल या शब्दावर बसवलेले आहेत: साइन्स, म्हणजे त्रास काय, अॅलर्जी, मेडिसिन्स, पास्ट हिस्टरी, लास्ट मील, इव्हेंट्स, म्हणजे आधी काय झालं. प्रत्येकाचा एकेक प्रश्न पाठ हवा.

रिपोर्ट लिहिताना भूतकाळ वापरा आणि दिसलं तेवढंच लिहा. 'पॅसेंजर वॉज ड्रंक' हे मत झालं. बोलणं अडखळत होतं, तोंडाला दारूचा वास येत होता, दोनदा सांगूनही सीटबेल्ट लावला नाही, वेळ अमुक, सीट तमुक: ही माहिती झाली. वेळ लोकल की झुलू, म्हणजे यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ, तेही लिहा.

---

गगनवेल

फार उपयोगी, मनापासून आभार. एकच राहिलं. प्रवाशाचं बोलणं कळलंच नाही तर? 'व्हॉट' उद्धट वाटतं, आणि 'पार्डन' तरी किती वेळा म्हणणार?

---

जंपसीट

पूर्ण वाक्य पुन्हा मागू नका, कळलेला तुकडा धरा. 'समथिंग विदाउट शुगर, डिड यू से?' असं विचारलं की तो नेमका राहिलेला शब्द सांगतो, आणि यावेळी सावकाश. तरी नाही कळलं तर दोन पर्याय दाखवा: 'कोल्ड ऑर हॉट?' ट्रॉलीवरची वस्तू हातात धरली की बोलण्याचीही गरज उरत नाही. थोडं वाका, म्हणजे कान त्याच्या तोंडाच्या उंचीवर येईल. उभ्याने ऐकलेलं अर्धं इंजिनचा आवाज खातो. न कळता 'शुअर' म्हणून पुढे जाऊ नका. त्याने औषधासाठी पाणी मागितलेलं असू शकतं.

ऐकण्याच्या सरावासाठी रोज पंधरा मिनिटं ठेवा. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांच्या मुलाखती लावा आणि बोलणाऱ्याच्या अर्धा सेकंद मागून तेच शब्द मोठ्याने म्हणत जा. दर आठवड्याला अॅक्सेंट बदला. शेवटच्या तीन आठवड्यांत शेजारी पंखा किंवा मिक्सर चालू ठेवून करा.

---

इंटरफोन

यात एक भर. कॉकपिटचं किंवा सीनियरचं बोलणं कळलं नाही तर वरचं काही लागू नाही. तिथे 'से अगेन' म्हणायचं आणि कळेपर्यंत म्हणायचं. फक्त शेवटचा भाग सुटला असेल तर तेवढंच मागा: 'से अगेन द टाइम.'