'वास्तववादी' की 'हुबेहूब'?

नागपुरात सिव्हिल लाइन्सला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात चित्रं पाहत होतो. स्टीलच्या ताटलीत तीन संत्री, एक अर्धवट सोललेलं, सालीवरची बारीक छिद्रंसुद्धा दिसत होती. हिंदी पाटीवर 'यथार्थवादी', मराठीत 'वास्तववादी', आणि शेजारच्या काकू म्हणाल्या, "हुबेहूब फोटोच वाटून राहिला बाप्पा!" तिन्ही शब्द एकच का? सांगा, मंडळी.

*

'यथार्थवाद' हिंदीत रिअ‍ॅलिझमला रूढ आहे, आपल्याकडे 'वास्तववाद'. नागपुरात दोन्ही एकाच भिंतीवर भेटणारच, त्याचं एवढं नाही. पण काकूंचा शब्द वेगळा, आणि माझ्या मते तोच नेमका. 'हुबेहूब' म्हणजे फारसी 'हू-ब-हू', जसाच्या तसा. तो फक्त साम्याबद्दल बोलतो.

'वादी' लागलं की भूमिका येते. फ्रेंच चित्रकार कुर्बेनं १८४९ साली रस्त्यावर खडी फोडणारी दोन माणसं भल्यामोठ्या कॅनव्हासवर रंगवली आणि १८५५ मध्ये स्वतःच्या चित्रांचा मंडप उभारून त्याला 'रिअ‍ॅलिझम' नाव दिलं. त्याचा मुद्दा काय रंगवायचं हा होता. उलट राजा रविवर्म्याची लक्ष्मी घ्या. कांती, जरीकाठ, कमळ, सगळं डोळ्यांना पटतं, पण लक्ष्मीला बसवून कुणी चित्र काढलेलं नाही. तिला वास्तववादी कसं म्हणणार? आपल्याकडे 'वास्तववादी' या एका पोत्यात कुर्बे, रविवर्मा आणि फोटोवरून केलेलं पुढाऱ्याचं पोर्ट्रेट, सगळं कोंबलंय. मग समीक्षक "नुसती कारागिरी" म्हणून पोतंच बाजूला सारतात. चित्रकार सा. ल. हळदणकरांच्या दिवा धरलेल्या बाईच्या बोटांतून जो लालसर उजेड झिरपतो, तोही त्यात जातो. (जलरंग आहे तो. ज्यानं कधी जलरंग हाताळलाय त्याला विचारा.)

कौशल्यासाठी आपला जुना शब्द आहेच: चित्राच्या षडंगांतलं, म्हणजे सहा अंगांतलं, 'सादृश्य'. 'सादृश्यप्रधान चित्र' म्हणायला काय हरकत आहे?

*

'सादृश्यप्रधान' कुणी बोलणार नाही. पेंटर लोक "लाइकनेस आली" म्हणतात, घरी "उतरलाय बरोबर" म्हणतात. खरी पंचाईत पुढची आहे. हल्ली पोरं पेन्सिलीनं घामाचा थेंबन् थेंब काढतात, त्या हायपररिअ‍ॅलिझमला काय म्हणायचं? बातमीत 'अतिवास्तववादी' छापून येतं, पण तो शब्द आपण सर्रिअ‍ॅलिझमला, म्हणजे दालीच्या वितळणाऱ्या घड्याळांसारख्या स्वप्नवत चित्रांना, केव्हाच देऊन बसलोय.

*

गंमत म्हणजे 'वास्तव' आलंय 'वस्तू'वरून. आणि १९२४ साली याच नागपुरात जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना 'अमूर्त' नव्हे, 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' म्हणत. म्हणजे वस्तूच नाही. २०१३ मध्ये त्यांचं एक चित्र मुंबईच्या लिलावात २३ कोटींवर गेलं. संत्र्यांच्या ताटलीखाली किंमत काय होती हो?

*

मी किंमत पाहिली नाही. काकू विचारत होत्या, तेवढ्यात चित्रकार चहाला गेला.