सप्टेंबरमध्ये हिमालयात सायकल टूर : ग्रुपबरोबर जावं का आणि कुठल्या रस्त्याने? (बजेट ४० हजार)

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. यंदा सप्टेंबरमध्ये हिमालयात सायकलवर जायचं पक्कं केलंय. वय ४७, राहणार नाशिक. रविवारी त्र्यंबक नाहीतर कसारा घाट ठरलेला, आणि अधूनमधून वणीपर्यंत जाऊन येते. सायकल हायब्रिड आहे, म्हणजे रोड आणि माउंटन सायकलच्या मधली. पुढे तीन चेनरिंग, मागे सगळ्यात मोठं चक्र ३२ दात्यांचं, ब्रेक केबलवाले डिस्क.
घरून सोबत कोणी नाही, म्हणून गाईड, मेकॅनिक आणि मागे गाडी असलेला ग्रुप हवाय. मनाली–लेह की स्पिती, हे ठरत नाहीये. नाशिकपासून नाशिकपर्यंत सगळा खर्च ४० हजारांत बसवायचा आहे, दोन-तीन हजार इकडेतिकडे चालतील. ज्यांनी केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पेडल_कोथरूड
ताई, डोळे मिटून मनाली–लेह करा. दुसरा विचारच नको. आमचा पुण्याचा ग्रुप रोहतांगवरून गेला, बारालाचा, लाचुंग, तांगलांग सगळे पास चढून लेहला पोचला, वर खारदुंगला पण केला. १८,३८० फुटांच्या पाटीसमोर तिरंगा धरून फोटो काढला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. जन्मात एकदा करायचं तर हेच.
पण हायब्रिड विसरा. मी त्यासाठी हायड्रॉलिक ब्रेकची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन सायकल) घेतली आणि आजही ती लोण्यासारखी चालते. सायकलीला सत्तर धरा, टूरचे वेगळे.

स्पोक
पाटीवर काहीही लिहिलेलं असो, खारदुंगला ५३५९ मीटर आहे, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरासं वर. जीपीएस लावून गेलेल्या कुणालाही विचारा. जगातला सर्वांत उंच रस्ता वगैरे तर आता मुळीच नाही, सीमा सडक संघटनेने उमलिंगला बांधून काढलाय, तो ५८०० च्या आसपास आहे.

पेडल_कोथरूड
@स्पोक, चढताना दम लागतो तो फुटांना लागतो का मीटरला? आम्ही चढलो, एवढं पुरेसं आहे.

रानवाट
गाईडची गरजच काय? मनाली–लेह हा एकच मुख्य रस्ता आहे, चुकायला फारसा वाव नाही. सीझनमध्ये दारचा, झिंगझिंगबार, भरतपूर, सर्चू, पांग इथे तंबूतले ढाबे असतात. गादी, रजाई, राजमा-चावल, मॅगी, सगळं मिळतं. पॅनिअर (कॅरिअरला अडकवायच्या पिशव्या) लावा आणि निघा, वीस-बावीस हजारांत सगळं होतं. ग्रुपमध्ये गेलं की सकाळी सगळ्यांचं आवरेपर्यंत थांबा, फोटोसाठी थांबा, यातच अर्धा दिवस जातो. फक्त सप्टेंबरच्या शेवटी ढाबे उठायला लागतात, तेवढं बघा. आणि लडाखमध्ये आपल्याकडचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड घेऊन जा.

निळाई
@रानवाट, त्यांनी सोबत हवी असं स्पष्ट लिहिलंय.
गोदाकाठ ताई, ग्रुपबरोबर जाच, पण ग्रुप पारखून घ्या. मी ज्यांच्याबरोबर गेले त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांनी दिवस वाचवायला जिस्पा ते सर्चू एका दमात ठेवलं होतं. जिस्पा ३२०० मीटर, मध्ये बारालाचा ४८५० च्या वर, आणि झोपायला सर्चू ४२९०. बारालाचाच्या अलीकडेच माझं डोकं ठणकायला लागलं. सपोर्टची गाडी पुढच्या मुलांबरोबर निघून गेली होती. माझ्या मागे कोणीच नव्हतं. एका ट्रकवाल्या सरदारजींनी सायकल वर टाकली आणि मला केबिनमध्ये बसवलं. रात्रभर उलट्या झाल्या. सर्चूची पंचाईत अशी की उतरायचं म्हटलं तरी आधी चढावं लागतं, एकीकडे बारालाचा, दुसरीकडे नकीला आणि लाचुंगला. आजारी माणसाला खाली नेणार तरी कुठे? त्या रात्री मला फार भीती वाटली, आणि संयोजक म्हणत होते, "सगळ्यांनाच होतं."

भूलतज्ज्ञ_सांगली
निळाई यांनी लिहिलंय ते फार महत्त्वाचं आहे, धाग्यात वाहून जाऊ नये. महाराष्ट्रात कुठेही सराव केला तरी फुप्फुसांना उंचीची सवय होत नाही. कळसूबाई १६४६ मीटर, आपल्याकडचं याहून उंच काही नाही. घाट चढून पाय तयार होतात. शरीराला विरळ हवेची सवय तिथे गेल्यावर, आणि वेळ दिला तरच होते.
३००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नसावा आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावं, हा सर्वमान्य नियम आहे. दिवसा याहून वर चढलात तरी झोपायला खाली या.
डायमॉक्स (अॅसिटाझोलामाइड) उंचीच्या त्रासाच्या प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात. सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, मनाने सुरू करू नका. बसल्या जागी धाप, ओला खोकला, चालताना झोक जाणं, असंबद्ध बोलणं यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, ताबडतोब खाली उतरायचं. गोळी किंवा ऑक्सिजन हा उतरेपर्यंतचा आधार आहे, उतरण्याला पर्याय नाही.

मावळतीचा_वारा
डायमॉक्स वगैरे नको. कापराची पुरचुंडी गळ्यात बांधा, दर अर्ध्या तासाने हुंगा. लसूण खा. आमच्या अमरनाथच्या ग्रुपमध्ये कोणालाच काही झालं नाही.

भूलतज्ज्ञ_सांगली
कापूर हुंगल्याने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. कृपया असे सल्ले देऊ नका, लोक त्यावर विसंबून वर चढत राहतात.

मावळतीचा_वारा
आमच्या आजीपासून चालत आलंय. प्रत्येकाचा अनुभव.

घाटमाथा
मूळ प्रश्नावर येतो. स्पिती करा, पण किन्नौरच्या बाजूने. सिमला २२०० मीटर, नारकंडा २७००, तिथून उतरून रामपूर हजाराच्या आसपास. मग सतलजच्या काठाने वांगतू, टापरी, कडछम करत रिकाँग पिओ २३००, वर कल्पा २९६०. पिओनंतर स्पिलो, पूह, खाब. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. पूल ओलांडला की 'का' म्हणतात ती नागमोडी वळणं सुरू होतात, वर नाको ३६६०. मग ताबो पुन्हा खाली, ३२८०. शेवटी काझा साडेतीन हजारांच्या वर. सिमल्यापासून एकूण सव्वाचारशे किलोमीटरच्या आतबाहेर. चढ-उतार असल्यामुळे शरीराला सवय होत जाते आणि जवळपास रोज गावात मुक्काम मिळतो. भारतीयांना या रस्त्याला परमिट लागत नाही.
जुलै-ऑगस्टमध्ये मात्र किन्नौरला जाऊ नका. बटसेरी आणि निगुलसरी, दरडी कोसळण्याच्या दोन्ही दुर्घटना २०२१ च्या पावसाळ्यातल्या. डोंगरच्या डोंगर खाली येतात. सप्टेंबरच्या मध्यानंतर रस्ता बरा असतो. तेव्हा सफरचंदांचा हंगाम चालू असतो, पेट्यांनी भरलेले ट्रक सारखे खाली येत असतात, वळणावर आपली डावी बाजू सोडू नका.
काझाहून पुढे लोसर, कुंझुमची खिंड, बातल, छत्रू करत मनालीला उतरा. कुंझुमशिवाय स्पिती पूर्ण होत नाही. तिकडचे नाले सकाळी लवकर पार करायचे. दुपारी ऊन तापलं की वरचा बर्फ वितळतो आणि पाणी वाढतं. सकाळी घोट्याएवढा असलेला नाला दुपारी तीनला मांडीला लागतो, तळाला गोल धोंडे असतात आणि सायकल खांद्यावर घेऊनही पाय ठरत नाही.

पेडल_कोथरूड
कुंझुमच्या बाजूला रस्ता म्हणून काही नाही, नुसते दगड. हायब्रिडने तिथे हाल होतील. मनाली–लेह बराचसा डांबरी आहे. शिवाय लेहला पोचलो म्हटलं की समोरच्याला लगेच कळतं, काझा कोणाला माहीत?

रानवाट
स्पितीला तर गाईड अजिबातच नको. गावोगाव होमस्टे आहेत.

मुठेकाठी
मनाली–लेहला +१. पाणी भरपूर प्या, पहिले दोन दिवस आराम करा, घाई करू नका. बजेट थोडं वाढवा, साठ-पासष्ट ठेवा.

गोदाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. निळाई, तुमचा अनुभव वाचून अंगावर काटा आला. बजेट वाढणार नाही, मुलीचं बारावीचं वर्ष आहे. नवीन सायकल घेणार नाही. एकटीने जाणार नाही. एवढं धरून सांगा, की टूरवाल्यांना नेमकं काय विचारायचं? फोनवर सगळे "मॅडम, काळजीच करू नका" एवढंच म्हणतात.

निळाई
आधी रोजच्या मुक्कामांची यादी उंचीसकट लेखी मागा. जो उंची सांगत नाही किंवा "तिथे गेल्यावर बघू" म्हणतो, त्याला तिथेच सोडा. मग विचारा, सगळ्यात शेवटच्या सायकलस्वाराच्या मागे कोण असतं? गाडी आहे का, हा प्रश्न अपुरा आहे. गाडी सगळ्यांकडे असते. ती कुठे असते, ते विचारायचं. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे का, तो चालवता कोणाला येतो, आणि एखाद्याला खाली न्यायची वेळ आली तर बाकीच्यांसाठी दुसरं वाहन आहे का?
रस्ता बंद पडला तर जादा रात्रींचे पैसे कोणाचे, हे पैसे भरण्याआधी ठरवून घ्या. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये लाहौल-स्पितीत अचानक बर्फ पडून शेकडो लोक अडकले होते, हवाई दलाला बोलवावं लागलं. तुम्ही त्याच महिन्यात जाताय. परतीचं तिकीट दोन दिवस हातात ठेवून काढा. ग्रुपमध्ये आणखी बायका आहेत का, हेही विचारा. मोकळ्या, झाडं नसलेल्या रस्त्यावर आडोसा शोधताना सोबत लागते.

स्पोक
सायकलीबद्दल बरंच चुकीचं लिहिलं गेलंय. तुमची हायब्रिड काझापर्यंत नक्की चालेल. टायर ३५ मिलिमीटर रुंदीचे असतील तर ४० किंवा ४२ बसतात का बघा, फोर्क आणि चाकात जागा पाहिजे. मागचं ३२ चं चक्र बदलून ३४ किंवा ३६ चं घ्या, आधी तुमचा डिरेल्युअर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) किती दाते झेपवतो ते दुकानात विचारून. विरळ हवेत पाय नाही, श्वास संपतो, तेव्हा हलका गिअर लागतोच. केबलचे डिस्क ब्रेक उलट बरे, केबल तुटली तर गावातला पोरगाही बदलून देतो. ब्रेक पॅडचे दोन जोड न्या. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवू नका, दाबा-सोडा, दाबा-सोडा.
आणि डिरेल्युअर हँगर. मागचा डिरेल्युअर ज्या छोट्या अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो, तो. गाडीच्या टपावर सायकली एकमेकींवर आपटल्या की आधी तोच वाकतो, आणि तो तुटला की गिअर संपले. मेकॅनिककडे तुमच्या मॉडेलचा हँगर नसणार. वजन जवळपास नाहीच, सोबत ठेवा.

यमुनातीर
दिल्लीत राहतो म्हणून लिहितो. सायकल रेल्वेने लगेजमध्ये बुक करून आणता येते, सुटायच्या बऱ्याच आधी पार्सल ऑफिसला जा. पेडल काढून, हँडल वळवून, डिरेल्युअरवर जाड पुठ्ठा बांधा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, चुकीच्या दिशेने जोर लावू नका. दिल्लीहून सिमल्याला हिमाचल परिवहनच्या साध्या बसच्या टपावर सायकल चढवू देतात, कंडक्टरशी नीट बोलून.

गोदाकाठ
ठरलं. नारकंड्याहून सुरुवात, किन्नौरमार्गे काझा, आणि परत त्याच रस्त्याने गाडीतून. कुंझुम नाही, लेह नाही. सिमल्याकडचे दोघे भाऊ हे करतात, ग्रुप लहान आहे, धाकटा भाऊ शेवटच्या माणसामागे सायकलवर आणि त्याच्यामागे पिकअप. त्यांच्या यादीत कल्पाला एक रात्र होती. मी नाकोच्या आधी कल्पाला दोन आणि नाकोला दोन मागितल्या, मोठ्या भावाने लगेच मान्य केलं. बाकी सगळे कुंझुम करून मनालीला उतरतायत, मी काझाला थांबून वरची हिक्कीम आणि कोमिक ही गावं बघणार. सगळं धरून ४२ पर्यंत जातंय.

घाटमाथा
एवढ्या लांब जाऊन कुंझुम सोडताय याचं वाईट वाटतं. ग्रुप जातोय, गाडी आहे, मग तुम्हीच का थांबताय? पुन्हा विचार करा.

पेडल_कोथरूड
शेवटी लेहलाच याल पुढच्या वर्षी.

गोदाकाठ
@घाटमाथा, माहितीसाठी खरंच ऋणी आहे, मार्ग तुमचाच घेतलाय. पण नाले पार करायला मला जमणार नाही आणि त्यासाठी मला जायचंही नाही. मला ताबोची गोम्पा (बौद्ध मठ) बघायची आहे, हजार वर्षांपूर्वीची मातीची भिंत आणि आत रंग अजून शाबूत. कोमिकला एक दुपार नुसतं बसायचं आहे. चढण्यापेक्षा थांबायला जास्त दिवस ठेवलेत.

भूलतज्ज्ञ_सांगली
कल्पा आणि नाकोला दोन-दोन रात्री हे उत्तम केलंत. पूहहून नाकोला एका दिवसात जवळजवळ हजार मीटर चढ आहे, पूर्ण टूरमध्ये काळजी घ्यायची ती तिथेच. त्या दिवशी डोकं जड वाटलं तर उरलेली वळणं पिकअपमधून करा.

मुठेकाठी
त्या भावांच्या ग्रुपमध्ये जागा आहे का? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

स्पोक
हँगर मागवताना फोटोवरून घेऊ नका. सायकलवरचा काढून दुकानात घेऊन जा आणि स्क्रूची भोकं जुळवून बघा. एकाच कंपनीच्या दोन हायब्रिडचेही वेगळे निघतात.

गोदाकाठ
शनिवारी काढून नेते.