व्हे म्हणे 'गरिबाचं ग्लुटाथायोन'! (जिमवीर यांना उत्तर)

वैतागवाडीकर
'गोरं करणारी इंजेक्शनं' या कालच्या धाग्यात जिमवीर यांनी व्हेबद्दल, म्हणजे जिमवाले पितात त्या दुधातल्या प्रथिनाच्या पावडरीबद्दल, ठोकून दिलंय: "सुई कशाला टोचून घेता? व्हे म्हणजे गरिबाचं ग्लुटाथायोन. रोज एक स्कूप, लिव्हर साफ, चेहरा उजळ, म्हातारपण लांब." खाली वाहवा करणाऱ्यांची ही भली मोठी रांग. चार ओळींत भागणार नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

त्या इंजेक्शनांत असतं ते ग्लुटाथायोन म्हणजे पेशींना झिजेपासून राखणारं एक रसायन, आणि ते शरीर स्वतःच बनवतं. ग्लुटामेट, सिस्टीन, ग्लायसिन ही तीन अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) हा कच्चा माल. अडतं ते बहुतेकदा सिस्टीनपाशी, आणि व्हेमध्ये ते चांगलं असतं. इथवर जिमवीर बरोबर. पण पुरेसं ग्लुटाथायोन तयार झालं की ते स्वतःच आपल्या निर्मितीतल्या पहिल्या एन्झाइमला लगाम घालतं. गच्चीवरची टाकी भरली की फ्लोट बंद होतो, मग खाली पंप कितीही चालवा. फायदा होतो तो ज्याची टाकी रिकामी आहे त्याला. जर्मनीतल्या २००१ च्या अभ्यासात एचआयव्हीच्या रुग्णांना रोज ४५ ग्रॅम व्हे दोन आठवडे दिलं आणि रक्तातलं ग्लुटाथायोन वाढलं. ते आजारी लोक होते, आरशासमोर दंड फुगवून फोटो काढणारे नव्हते.

आता पैशाचं बोलू. एका स्कूपात वीसेक ग्रॅम प्रथिन, त्यात सिस्टीन फार तर अर्धा ग्रॅम. तीन अंड्यांत जवळपास तेवढंच. कफ झाल्यावर पाण्यात फसफसवून घेतो ती अ‍ॅसिटिलसिस्टीनची ६०० मिलिग्रॅमची गोळी, तिच्यातही तेवढंच. पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस झालेल्याचं लिव्हर हेच औषध देऊन वाचवतात. तिथे कोणी चॉकलेट फ्लेवरचा डबा उघडत नाही. चेहरा उजळण्याचं तर नावच काढू नका.

जिमवीर
आलात का गूगल करून? रुग्णांचाच अभ्यास बरा सापडला. माँट्रियलचा १९९९ चा नाही दिसला? धडधाकट तरुण मुलं, रोज २० ग्रॅम व्हे, तीन महिने. पांढऱ्या पेशींतलं ग्लुटाथायोन ३५ टक्क्यांनी वाढलं. दुसऱ्या गटाला केसिन, म्हणजे दुधातलं दुसरं प्रथिन, दिलं होतं, त्यांचं नाही वाढलं. कुठे गेला तुमचा फ्लोट? घाम न गाळता ज्ञान पाजळणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आलाय.

वैतागवाडीकर
घ्या, हा एक गुण तुमच्या खात्यात. पण ती सगळी मिळून वीस माणसं होती, आणि पावडर खास 'अनडिनेचर्ड', म्हणजे कमी तापवलेली. तुमच्या डब्यावर तसं लिहिलंय का बघा. आणि गंमत ऐका, त्या जर्मन अभ्यासात दोन पावडरी होत्या. 'अनडिनेचर्ड' म्हणून मिरवणारी जी, तिच्याच गटातली वाढ संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. दुसरीची उतरली.

शंकासुर
डब्यात व्हे आहे का, हे आधी विचारा की! केरळचे लिव्हरचे डॉक्टर सिरिअ‍ॅक अ‍ॅबी फिलिप्स आणि मंडळींनी २०२४ मध्ये भारतात विकली जाणारी ३६ प्रथिनपूरकं तपासून घेतली. सत्तर टक्क्यांच्या आसपास डब्यांत प्रथिनाचा आकडा लेबलशी जुळला नाही. काहींत बुरशीचं विष निघालं. लिव्हर साफ म्हणे!

जिमवीर
सगळे डबे तसे नसतात. मी पावती घेऊन विकत घेतो, बॅच नंबर तपासतो.

शंकासुर
बॅच नंबर छापायला काय, प्रिंटर लागतो.

नलूताई
तुम्ही पुरुष मंडळी आकडे घेऊन भांडा. माझ्या सासूबाई आजारपणानंतर पेज सोडून काही खाईनात. आहारतज्ज्ञ बाईंनी दुधात पावडर घालून द्यायला सांगितली. हळूहळू त्या जिना चढायला लागल्या, आता मला स्वयंपाकातल्या चुका दाखवतात. ग्लुटाथायोन कोणी मोजलं नाही, गरजही पडली नाही. आणि वैतागवाडीकर, अंडी अंडी काय लावलंय? आमच्या घरात अंडं येत नाही.

बाकी एक विचारते. व्हे म्हणजे चक्क्याचं पाणीच ना? पाडव्याला श्रीखंडासाठी दही टांगलं की पातेल्यात ते हिरवट पाणी साठतं, आम्ही आजवर तुळशीला घातलं. तेच प्यावं, हजारोंचे डबे हवेत कशाला?

एक_शिळा_आहारप्रेमी
नलूताईंना दंडवत! आपल्या आज्यांना सगळं ठाऊक होतं. उद्यापासून चक्क्याचं पाणी सुरू.

डेअरीवाला_सांगली
थांबा थांबा, तुळशीचंच बरं चाललंय. मी डेअरीत क्वालिटीला आहे म्हणून सांगतो. घरी आपण दूध उकळतो. त्या उष्णतेने व्हे प्रथिनं उलगडतात आणि केसिनला चिकटतात, तेही नेमकी सिस्टीनमधल्या गंधकाच्या जोडानं. उकळत्या दुधाला जो वेगळा वास येतो तो त्या गंधकाचाच. दही लागल्यावर ती प्रथिनं बरीचशी चक्क्यातच राहतात. खाली टपकतं त्यात लॅक्टोज (दुधातली साखर), कॅल्शियम आणि बी-२ जीवनसत्त्व, त्या हिरवट झाकेचं कारण हेच बी-२. प्रथिन ग्लासात ग्रॅमभर. पनीरच्या पाण्याचंही तेच. डब्यातलं व्हे चीजच्या कारखान्यातून येतं. तिथे दूध उकळत नाहीत, नुसतं पाश्चराइझ करतात, म्हणून व्हे पाण्यात उरतं.

एक_शिळा_आहारप्रेमी
कंपन्यांची भाषा बोलताय. पिढ्यान् पिढ्या लोक पीत आले ते काय मूर्ख होते?

डेअरीवाला_सांगली
पीत नव्हते हो, नलूताई तुळशीला घालत होत्या.

एक_शिळा_आहारप्रेमी
चेष्टा करून विषय टाळू नका. निसर्गोपचारात याला महत्त्व आहे. माझ्या मामांची अ‍ॅसिडिटी याच पाण्यानं गेली.

शंकासुर
आंबट पाणी पिऊन अ‍ॅसिडिटी गेली. मामांना माझाही दंडवत.

नलूताई
मामांवर जाऊ नका रे. डेअरीवाले, मग मी ते ओतूनच देऊ का?

डेअरीवाला_सांगली
ओतू नका. कणीक मळा, थालीपिठाचं पीठ भिजवा. फक्त त्याला प्रोटीन शेक म्हणू नका.

वैतागवाडीकर
धागा ग्लुटाथायोनचा होता, लोकहो. आणखी एक राहिलंच. वय वाढतं तसं ग्लुटाथायोन कमी होतं, इथे जिमवीर यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, नाइलाजानं लिहितो. ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजात राजगोपाल सेखर यांनी म्हाताऱ्या माणसांना सिस्टीनसोबत ग्लायसिनही दिलं, तेव्हा ते सुधारलं. व्हेमध्ये ग्लायसिन अगदीच बेताचं. ते भरपूर हवं तर पाया सूप.

नलूताई
अंड्यावरून थेट पाया! तुम्हाला आमच्याकडे जेवायला बोलवायची सोय नाही.

जिमवीर
तथ्य आहे हे शेवटी लिहिलंत, उपकार झाले. चेहरा उजळण्याचं वाक्य मी उडवतो, ते जोशात गेलं. स्कूप चालूच राहणार. डेअरीवाले, एक सांगा, व्हे जर चक्क्यातच राहतं तर वर्कआउटनंतर श्रीखंड चालेल का?

डेअरीवाला_सांगली
चक्का चालेल. श्रीखंडात चक्क्याइतकीच साखर घालता, तिचा हिशोब तुमच्या ट्रेनरला विचारा.