मराठी पान ऐकताना हिंदी उच्चार का येतात?

प्रश्न: एज ब्राउझरमध्ये ‘रीड अलाउड’ लावलं की मराठी लेख हिंदी वळणाने वाचला जातो. ‘चमचा’तला च चुकतो, शिवाय मेनूसुद्धा वाचला जातो. उपाय?

उत्तर १: कंट्रोल+शिफ्ट+यू दाबल्यावर वर पट्टी येते. तिथल्या ‘व्हॉइस ऑप्शन्स’मध्ये आरोही किंवा मनोहर निवडा. हे मराठी आवाज आहेत, पण ऑनलाइन. नेट गेलं की बंद. लिपी एकच असल्याने हिंदी आवाजही मराठी मजकूर बिनतक्रार वाचतो, म्हणून चूक चटकन कळत नाही. वेग आधी नेहमीचाच ठेवा, जोडाक्षरांची सवय झाली की वाढवा.

उत्तर २: मेनू टाळायला एफ९ दाबून इमर्सिव्ह रीडर (फक्त लेख दाखवणारं साधं दृश्य) उघडा. ते चालत नसेल तर हवा तो मजकूर निवडून राइट-क्लिक करा आणि तेवढाच वाचून घ्या.

उत्तर ३: भलतीच इंग्रजी अक्षरं ऐकू आली तर पान जुन्या, युनिकोड (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये आहे. तिथे आवाज बदलून काही होत नाही. मजकूर आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावाच लागतो.

प्रश्नकर्ता: आरोही निवडल्यावर च सुधारला. आभार!