हिमनदीने घडवलेल्या रानवाटा : आपले अनुभव लिहावेत

सहकारनगर
मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात काल हिमोढाची, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगाची, आकृती पाहिली आणि गंगोत्रीहून गोमुखाकडे, म्हणजे गंगोत्री हिमनदीच्या मुखाकडे, जाणारी वाट डोळ्यांपुढे उभी राहिली. आपण पुणेकर लाव्हाच्या थरांवर वाढलेली माणसे. आपल्या दऱ्या पाण्याने कापलेल्या आणि दगड बहुतेक एकाच काळ्या जातीचा. भागीरथीच्या काठी मात्र पांढुरक्या ग्रॅनाइटचे घराएवढे धोंडे बारीक मातीत वेडेवाकडे रुतलेले दिसतात. पाणी जड-हलके वेगळे करून ठेवते. बर्फ मात्र सापडेल ते उचलून आणतो आणि वितळेल तिथे टाकतो, हे त्या वाटेवर मला प्रथमच नीट समजले. एके काळी ही हिमनदी गंगोत्रीच्याही खालच्या ‘झाला’ नावाच्या गावापर्यंत उतरली होती, म्हणजे आपण दिवसभर चालतो ती सारी दरी बर्फाखाली होती.

या वाटेवर चीरबासाला पाइनची झाडी आहे, पुढे भोजबासाकडे तुरळक भूर्ज आणि गोमुखापाशी नुसते उघडे दगड. यात उंचीचा वाटा मोठा आहेच, पण बर्फाने जमीन अलीकडे मोकळी केली, हेही तितकेच खरे. भोजबासाचे भूर्ज सरपणासाठी तुटत गेले. गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी तिथे रोपे लावून जगवली, त्याबद्दल मला फार आदर वाटतो. आपण अशा वाटेने गेला असाल तर जरूर लिहावे.

बाणेर
अलास्कात सिवर्डजवळ एक्झिट ग्लेशियर आहे. मुलगा तिकडे असतो, त्याच्याबरोबर गेलो होतो. वाटेच्या कडेला वर्षांचे फलक आहेत. त्या त्या वर्षी बर्फाची कड तिथे होती. 1926 च्या फलकाभोवती आता दाट झाडी आहे, पुढे आल्डरची झुडपे लागतात आणि 2010 च्या फलकापाशी खडक जवळजवळ उघडाच आहे. आल्डर हवेतील नत्र जमिनीत साठवतो आणि त्याच मातीवर पुढे स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष उभा राहतो. त्या फलकापासून आजचा बर्फ किती दूर गेला आहे, हे पाहून आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही.

धायरी
कुमाऊँतील पिंडारी हिमनदीची वाट. खाती गावापुढचे बांज (ओक) आणि बुरांशाचे (ऱ्होडोडेंड्रॉनचे) रान इतके ओले आणि दाट आहे की वर हिमनदी असेल असे वाटतही नाही. फुरकियाचा मुक्काम सोडल्यावर झाडे मागे पडतात आणि झिरो पॉइंटकडची, म्हणजे हिमनदीसमोरच्या शेवटच्या टप्प्याकडची, वाट हिमोढाच्या कडेने जाते. ही कड खालून सतत ढासळत असते, म्हणून छायाचित्रासाठी टोकाशी जाऊ नये, ही सर्वांना कळकळीची विनंती.

कोथरूड
धायरीकरांशी मी पूर्ण सहमत आहे. माझ्या पतींना गंगोत्रीलाच विरळ हवेचा त्रास झाला आणि आम्ही तिथूनच परतलो, त्यामुळे हे सारे वाचून आनंदही होतो आणि हुरहूरही लागते. दर रविवारी सिंहगड चढल्याने पाय तयार होतात, परंतु गंगोत्रीची उंची कळसूबाईच्या जवळपास दुप्पट आहे आणि तिथे एक दिवस विसावा घेणे आवश्यक आहे.

प्रभात रोड
कोथरूडच्या ताई, तब्येत सांभाळून परतलात हे उत्तम केलेत. मी भूशास्त्र शिकवीत असे, म्हणून थोडे लिहितो. हिमनदीच्या खुणा आपल्या महाराष्ट्रातही आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात इरई येथे पैनगंगा गट म्हणतात त्या प्राचीन चुनखडकावर बर्फात अडकलेल्या दगडांनी ओढलेले समांतर ओरखडे आहेत आणि त्यावर तालचेर थराचे, म्हणजे त्या हिमकाळात साचलेल्या थराचे, गोटे. फ्रान्सिस फेडन यांनी 1875 मध्ये त्यांविषयी लिहिले. हा बर्फ सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा भारत गोंडवन या प्राचीन महाखंडाचा भाग होता आणि दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता. बर्फ हटल्यावर तिथे ग्लॉसोप्टेरिस या आता नामशेष झालेल्या वनस्पतीची अरण्ये वाढली आणि वर्धा खोऱ्यातला कोळसा त्यांचाच आहे. बाणेरकरांनी सिवर्डला पाहिलेला क्रम, आधी बर्फ आणि मग रान, विदर्भात फार पूर्वी घडून गेला आहे.

सहकारनगर
सर, ताडोबाला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असेल. इरईचा तो भाग पाहायचा तर पावसाळ्यानंतर केव्हा जावे आणि वाट कोणाला विचारावी, हे कृपया सविस्तर लिहावे. गोमुखाला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी : वन विभागाचा परवाना लागतो आणि दिवसाला 150 जणांनाच सोडतात, त्यामुळे तो आधी काढून ठेवावा.